आकडा आधी सांगा

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्ल्यांत शिरलेल्या मराठी यात्रेकरूला आपण घरापासून फार लांब आलो असे वाटत नाही. पंचगंगा घाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट यांच्या आसपास वैदिकांची, शास्त्र्यांची, क्षेत्रोपाध्यायांची मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत येऊन राहिले, पेशव्यांच्या पाठबळावर त्यांनी या भागात घाट आणि घरे बांधली, आणि वस्ती आणखी दाट झाली. गुरुजींच्या जुन्या वह्या उघडल्या की गाव आणि गोत्र सांगून पणजोबांच्या यात्रेची नोंद शोधता येते. या घाटांवर एक प्रश्न शेकडो वर्षे विचारला जातो आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही: सगळे मिळून किती द्यायचे?

आज तोच प्रश्न आपण मोबाइलच्या पडद्याला विचारतो. तिकीट अमुक रुपयांचे म्हणून आसन निवडतो, सगळ्यांची नावे आणि वये भरतो, आणि पैसे भरायच्या पानावर सुविधा शुल्क, विमा, कुठल्याशा संस्थेला देणगी असे काहीबाही जोडलेले दिसते. तोवर वेळ गेलेला असतो, घरात सांगून झालेले असते. आपण मुकाट्याने बोट टेकवतो. या छुप्या शुल्काविरुद्ध गेल्या काही वर्षांत जगभर कायदे होत आहेत, त्यामुळे हा इंटरनेटच्या काळातला आजार आहे असा समज पसरला आहे. मला तो पटत नाही. परत फिरणे ज्याला परवडत नाही अशा माणसाकडून शेवटच्या क्षणी वरचे पैसे काढायचे, ही रीत फार जुनी आहे आणि तिला केलेला विरोधही जुना आहे. त्या विरोधाची एक वाट काशीहून निघते आणि ओतूर, सुपे, कारंजा अशा आपल्याच गावांतून आजच्या कायद्यापर्यंत येते.

सतराव्या शतकात काशी-प्रयागला जाणाऱ्या हिंदू यात्रेकरूंना यात्राकर द्यावा लागे. अकबराने १५६३ साली मथुरेच्या यात्रेकरूंवरचा कर उठवला होता, पण शाहजहानच्या काळात काशी आणि प्रयाग इथे वसुली चालूच होती. तिच्याविरुद्ध बादशहाच्या दरबारात उभे राहिले ते कवींद्राचार्य सरस्वती. मूळचे गोदावरीकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण, संन्यास घेऊन काशीत स्थिरावलेले. संस्कृतचे पंडित, ब्रजभाषेचे कवी आणि हस्तलिखितांचे मोठे संग्राहक. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची जुनी यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली, तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. पोथ्यांत रमलेला हा माणूस पंडितांचे शिष्टमंडळ घेऊन दरबारात गेला, यात्रेकरूंची कैफियत मांडली आणि कर माफ करून घेऊनच परतला.

त्यानंतर काशीत जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. पंडितांनी, त्यांत दक्षिणी घराण्यांतलेही होते, कवींद्राचार्यांच्या गौरवार्थ संस्कृतात रचना केल्या आणि त्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रह झाला. हरदत्त शर्मा आणि एम. एम. पाटकर यांनी तो संपादून १९३९ साली पुण्यात प्रसिद्ध केला. एका कराच्या माफीसाठी एवढे पंडित लेखणी उचलतात, यावरून तो कर किती डाचत असेल हे कळते. राजाच्या पराक्रमाची स्तुती करणारे ग्रंथ आपल्याकडे उदंड आहेत. सामान्य यात्रेकरूच्या कनवटीचे पैसे वाचवले म्हणून एखाद्याचा गौरवग्रंथ निघावा, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पण ही माफी म्हणजे कृपा होती, आणि कृपेचा भरवसा नसतो. फ्रेंच प्रवासी बर्निए काशीत एका थोर पंडिताला भेटला. शाहजहानने या पंडिताला सालीना दोन हजार रुपयांची नेमणूक दिली होती आणि औरंगजेबाने ती बंद केली, असे बर्निएने लिहिले आहे. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी दाखवून दिले. बादशहा बदलला की पंडिताची नेमणूक जाते, तिथे यात्रेकरूच्या सवलतीची काय कथा.

पुढच्या शतकात मराठी सत्तेचा हात उत्तरेपर्यंत पोचला. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांचे आगतस्वागत केले. १७३६ च्या वाटाघाटींत बाजीरावांनी बादशहाकडे ज्या मागण्या केल्या त्यांत प्रयाग, काशी, गया, मथुरा ही क्षेत्रेही होती. पुढे कंपनीचा अंमल आल्यावर मराठी सरदारांच्या यात्रेसाठी कलकत्त्याकडे दस्तके मागितली जाऊ लागली, म्हणजे ठाण्यावर कोणी अडवू नये आणि कर घेऊ नये असा परवाना. ज्याच्यामागे फौज किंवा वकील, त्याला माफी. कोकणातून किंवा मराठवाड्यातून पायी निघालेल्या माणसाला मात्र प्रत्येक नाक्यावर कनवटी सोडावी लागे.

कंपनी सरकारने प्रयागचा कर चालू ठेवला. १८१० च्या नियमाने त्याचे दर लिहून काढले: पायी येणाऱ्याला १ रुपया, हत्तीवरून येणाऱ्याला २० रुपये, मधल्यांना मधले दर. पैसे भरले की परवाना मिळे, आणि परवान्याशिवाय क्षौर करणाऱ्या न्हाव्याला दंड होई. त्या काळी एक रुपया गरिबाला जड होता, आणि सरकारने देवदर्शनावर पैसे घ्यावेत हे मुळातच अन्यायाचे होते. तरी या नियमाने एक गोष्ट घडवली हे मान्य केले पाहिजे. दर छापील झाला, पैसे भरल्याचा कागद हाती येऊ लागला. पुढे मिशनऱ्यांनी हा कर रद्द व्हावा म्हणून विलायतेत गिल्ला केला. सरकारला मूर्तिपूजेतून उत्पन्न मिळते, हा त्यांचा आक्षेप होता, यात्रेकरूची दया हा मुद्दा त्यांच्या लेखी दुय्यम होता. १८४० च्या दहाव्या कायद्याने प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी इथला यात्राकर उठला.

सरकारी कर उठला, तरी घाटावरची मागणी तशीच राहिली. तिला छापील दर नव्हता आणि पावतीही नव्हती.

ती मागणी कशी होते ते अनेक मराठी कुटुंबांनी अनुभवले आहे. भल्या पहाटे नदीत उतरायचे, थंडीने अंग कापत असते, ओंजळीत पाणी, अक्षता, दर्भ. संकल्प सुरू होतो. देश, काळ, गोत्र, नाव, पितरांची नावे यथासांग उच्चारली जातात, आणि मग संकल्प पुरा व्हायच्या आत प्रश्न येतो: काय द्याल ते बोला. ओंजळ सोडता येत नाही, घासाघीस करणे शोभत नाही, शेजारी वृद्ध आई उभी असते. तोंडातून निघेल तो आकडा बांधील होतो. गयेला तर हे टोक आणखी तीक्ष्ण होते. सगळी पिंडदाने झाली की शेवटी अक्षयवटाखाली गयेच्या पुरोहिताने, गयावळाने, ‘सुफल’ म्हणायचे, म्हणजे श्राद्ध फळास आले अशी ग्वाही द्यायची. यात्रेकरूचे हात फुलांच्या माळेने बांधून देणे ठरेपर्यंत तसेच ठेवण्याची चाल जुन्या वर्णनांत नोंदलेली आहे. आठशे मैल चालून आलेला माणूस पितरांच्या सद्गतीचा प्रश्न अर्धवट टाकून परत कसा जाणार? फुलांची माळ कोणीही तोडू शकतो. बांधून ठेवत होती ती त्याची वाटचाल आणि त्याची श्रद्धा. आजच्या तिकिटाच्या शेवटच्या पानावर वाढणारी रक्कम अगदी याच जागेवर बोट ठेवते.

घाटावरच्या दक्षिणेवर हक्क कोणाचा, यावरून काशीत घाटांवरचे स्थानिक पुरोहित गंगापुत्र आणि दक्षिणी ब्राह्मण यांच्यात तंटे झाले, कचेरीपर्यंत गेले. भांडण घेणाऱ्यांतले होते. देणाऱ्याला त्यात कोणी पक्षकार मानले नाही.

इथे दुसऱ्या बाजूची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, तिथे काही प्राप्ती होईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. बंडात सापडून ते कसे होरपळले ते त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहिले, आणि चिं. वि. वैद्यांनी ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. ठरलेला पगार नसलेला माणूस मिळेल तेव्हा मिळेल तेवढे घेतो. पुरोहिताला त्याच्या विद्येचा आणि श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो आधी सांगावा आणि मग त्यात वाढ करू नये, एवढीच मागणी आहे.

ही मागणी महाराष्ट्रात सर्वांत धारदारपणे मांडली जोतीराव फुल्यांनी. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा पहिला भाग म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही कुणब्याच्या घरातून कोणकोणत्या निमित्ताने पैसा जातो याचा ताळेबंदच आहे. सण, ग्रह, बारसे, लग्न, श्राद्ध, तीर्थयात्रा, काही सुटत नाही. माझ्या मते हा मराठीतला छुप्या आकारणीचा पहिला लेखापरीक्षण अहवाल आहे. त्याच सुमारास जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता लग्ने लावली. गावच्या जोश्यांनी वतनाचा आधार घेऊन दावा लावला: आम्हाला बोलावले नाही तरी आमची दक्षिणा आम्हाला मिळाली पाहिजे. हा दावा पोकळ नव्हता. १८७८-७९ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने वतनदार जोश्याचा असा हक्क मान्यही केला होता. न घेतलेल्या सेवेचे पैसे कायद्याने द्यायचे! फुले ओतूरकरांच्या पाठीशी उभे राहिले, खटला वरपर्यंत गेला आणि शेवटी सत्यशोधकांच्या बाजूने लागला. ज्याला नको त्याच्यावर सेवा लादून तिचा दर वसूल करता येत नाही, हे तत्त्व आज ग्राहक कायद्याचे अभ्यासक शिकवतात. ते ओतूरच्या पाटलांनी आपल्या लेकरांच्या लग्नात शिकवले होते.

पंढरपूरला असे हक्क संपायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातले बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांची चौकशी नाडकर्णी आयोगाने केली, त्यावरून १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, आणि कोर्टकचेऱ्यांचा शेवट सर्वोच्च न्यायालयात २०१४ च्या जानेवारीत झाला. त्या मधल्या चाळीस वर्षांत किती वारकरी विठ्ठलाच्या पायांशी खिसा चाचपत उभे राहिले असतील?

तीर्थक्षेत्र सोडून सावकाराच्या ओटीवर आलो की हीच गोष्ट अधिक उघडी दिसते. दख्खनच्या कुणब्याने कर्ज काढले की खतावर जी रक्कम लिहिली जाई ती त्याच्या हातात पुरती पडत नसे. सावकार देतानाच वरचा पैसा कापून घेई, त्याला मनोती म्हणत. कागदाचा खर्च, लिहिणावळ असे आणखी काही त्यात असे. व्याज मात्र खतावरच्या पूर्ण रकमेवर चढे. अंगठा उठवताना कुणब्याला बी-बियाण्याची किंवा सरकारी हप्त्याची घाई असे. संकल्पाची ओंजळ आणि खतावरचा अंगठा, दोन्हीकडे माणूस तोच अडलेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांचा संयम सुटला आणि ती आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांना प्रामुख्याने हवी होती खतपत्रे. ती मिळाली तिथे ती जाळली गेली.

चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या तरतुदी मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्या आजच्या वाटतात. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यावर विसंबू नये. व्यवहार पहिल्यापासून उकलावा, प्रत्यक्ष हातात किती पडले आणि व्याज किती हे वेगळे काढावे. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळावी, मागितल्यास सालाचा हिशेब मिळावा, पासबुकात नोंद करून मिळावी. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँकांना सांगितले की १ ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत एक तथ्यपत्रक द्या, त्यात सगळी शुल्के धरून होणारा वार्षिक दर लिहा, आणि पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारू नका. प्रोसेसिंग फी कापून हातात कमी रक्कम आली की ती मनोतीच असते. सुप्याच्या कुणब्याला ती लगेच ओळखू आली असती.

कापसाच्या बाजाराची गोष्ट वऱ्हाडातली. शेतकरी रात्रभर गाडी हाकून बाजारात येतो, भाव ठरतो, गाडी रिकामी होते. मग कापूस ओला निघतो. कडता कापला जातो, हमाली, तोलाई, आडत, वर धर्मादाय. भावही रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला, त्यामुळे खरा भाव काय होता ते ज्याचा माल त्यालाच ठाऊक नाही. रिकाम्या गाडीत कापूस पुन्हा भरून तीस मैल परत जाणे कोणाला जमणार? मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस हवा होता, हा सरकारचा स्वार्थ. पण त्या स्वार्थातून १८८६ साली कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. ठरवून दिलेल्याच कपाती, परवानाधारक मापारी, उघडा भाव. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने असे बाजार सगळीकडे हवेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्याचे कायदे १९२७ आणि १९३९ साली झाले, महाराष्ट्राचा १९६३ चा. तरीही फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय व्हायला २०१६ चा जुलै उजाडला. कारंज्यापासून मोजले तर १३० वर्षे. कायदा झाला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शहरी ग्राहकाची चळवळही महाराष्ट्रानेच उभी केली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापली, पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. त्या काळच्या वस्तूंच्या वेष्टनावर किंमत छापलेली असे आणि खाली बारीक अक्षरांत ‘स्थानिक कर वेगळे’. त्या तीन शब्दांवर दुकानदार मनाला येईल तेवढे लावी. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी किंमत छापणे बंधनकारक केले होते, पण पळवाट राहिली होती. ती १९९० मध्ये बुजली आणि ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ छापणे आले. वेष्टनावरची ती ओळ इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागे भांडण होते हे आपण विसरलो. मला विचाराल तर छुप्या शुल्काविरुद्ध भारतातला सर्वांत यशस्वी उपाय हाच. एकच आकडा, आधी छापलेला, सगळे धरून.

१९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथा हा प्रकार कायद्यात आला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. २०१९ च्या नव्या कायद्याने पावती न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा ठरवली आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले. या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. पूर्ण किंमत सुरुवातीला न सांगता थेंबाथेंबाने वाढवत नेणे, न विचारता खरेदीत विमा किंवा देणगी टाकणे, ‘शेवटची दोनच आसने’ अशी खोटी घाई करणे, या सगळ्यांना त्यात नाव मिळाले आणि मनाई झाली.

हॉटेलच्या बिलातला सेवा आकार हे प्रकरण मला घाटावरच्या दक्षिणेच्या सर्वांत जवळचे वाटते. बक्षिसी स्वखुशीची असते. ती बिलात आपोआप दहा टक्क्यांनी छापून आली की जेवून उठलेला माणूस काय करणार? प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मनाई केली, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी प्राधिकरणाची बाजू उचलून धरत हॉटेलचालकांच्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला. स्वखुशीने द्या, पण सक्तीने घेऊ नका, हा त्या निकालाचा गाभा.

मुंबईत मात्र वेगळे घडले. महाराष्ट्र शासनाने २०१३ आणि २०१४ साली आदेश काढून सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर सुविधा शुल्क घ्यायला बंदी केली होती. १० जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. असे आदेश काढायला कायद्याचा आधार नाही, आणि शुल्क नको असलेल्याला खिडकीवर तिकीट मिळतेच, असे न्यायालयाचे म्हणणे. हा निकाल ग्राहकविरोधी आहे अशी ओरड झाली. मला तो चुकीचा वाटत नाही. वेगळ्या सोयीचे वेगळे पैसे घेणे गैर नाही. पण खिडकी खरोखर उघडी आहे का, आणि तिकिटाच्या पहिल्या पानावर तो आकडा दिसतो का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या निकालाचा आधार कोणी घेऊ नये. पुष्कळ चित्रपटगृहांत खिडकीवर माणूस शोधावा लागतो.

बाहेरच्या जगानेही हाच रस्ता धरला आहे. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून अटळ शुल्के दडवून किंमत दाखवायला बंदी केली. अमेरिकेत कार्यक्रमांची तिकिटे आणि हॉटेलच्या खोल्या यांची एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम लागू झाला तो १२ मे २०२५ रोजी. सुप्याच्या दंग्याला त्या दिवशी बरोबर दीडशे वर्षे झाली. तिथल्या कोणाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला असावे.

मग दूधविनायकाच्या गुरुजींचे काय? ग्राहक कायद्यातून विनामूल्य सेवा वगळलेली आहे, आणि दक्षिणा स्वखुशीची म्हटली की तिला त्या चौकटीत बसवणे अवघड होते. ते बसवावे असा माझा आग्रहही नाही. काशीचे अनेक मराठी गुरुजी आज फोनवरच सांगतात की राहणे, जेवण, त्रिस्थळी विधी, प्रयाग आणि गयेची गाडी, सगळे धरून इतके होईल. त्यांच्याकडे लोक नातेवाइकांना पाठवतात, पुढच्या पिढ्याही तिथेच उतरतात. निघण्यापूर्वी आकडा विचारणे हा श्रद्धेचा अपमान नाही. तो विचारताना संकोच करू नका, आणि सांगितलेला आकडा जमल्यास मेसेजवर लिहून घ्या.

लॉज, गाडी, प्रवासी कंपनी, तिकिटाचे ॲप यांच्याबाबत तर कायदा पूर्ण तुमच्या बाजूला आहे, आणि २०१९ नंतर त्यात एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी दावा समोरच्याच्या गावी किंवा घटना घडली तिथे लावावा लागे. बाराशे किलोमीटरवर पुन्हा कोण जाणार, या हिशेबावर कित्येकांचे धंदे चालले. आता तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो. वाराणसीच्या लॉजने ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले तर साताऱ्याचे कुटुंब साताऱ्यात दाद मागू शकते. मुदत दोन वर्षांची आहे, वकील लागतोच असे नाही, आणि सुरुवातीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. पावती मागून घ्या, शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार दाखल करायला काहीही शुल्क पडत नाही.